आडवा हात

शंभुलिंगनं उभ्या आयुष्यात माणसांना एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे हलू नका. आणि पन्नाशी ओलांडल्यावर तो नादी लागला तो मालगाड्यांच्या, ज्या कुणासाठी थांबत नाहीत. त्याची बायको नीलम्मा याला येड लागणं म्हणायची. गावही तेच म्हणायचं, पण तिच्या पाठीमागं, कारण तिच्या तोंडी लागायची कुणाची हिंमत नव्हती.

ढोकीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. कळंबपासून तेरपर्यंत कुणाच्या भिंतीवर लग्नाचा फोटो दिसला, तर तो बहुतेक शंभुलिंगनंच काढलेला असायचा. त्याची एक पद्धत होती. अक्षता पडायच्या वेळी मांडवात काय गोंधळ उडतो ते काही सांगायला नको. करवल्या पुढं घुसतात, मामा नेमका पाठ करून उभा राहतो, बँडवाल्याला भलतीच घाई झालेली असते. अशा वेळी शंभुलिंग खुर्चीवर चढायचा, कॅमेरा गळ्यात सोडून द्यायचा, दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच करायचा आणि एकच आरोळी ठोकायचा, "थांबाऽऽ, हलू नका." मांडव जागच्या जागी गार. भटजीसुद्धा पुढची ओळ तोंडात धरून उभे. मग हात खाली, कॅमेरा डोळ्याला आणि खट्. पोरंसोरं त्याची नक्कल करायची. कुणी आळस देताना दोन्ही हात वर केले तरी बायका म्हणायच्या, "झाला बघ ह्येचा शंभुलिंग."

मग एका सकाळी चहाची बशी त्याच्या डाव्या हातातून सुटली. उचलायला वाकला तर हात ऐकेना. लातूरला नेलं, वेळेत नेलं, म्हणून वाचला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय ओढत का होईना चालू लागला, पण डावा हात काही खांद्याच्या वर जाईना, आणि त्यानं जे धरावं ते थरथरायचं. लोक म्हणायचे, बटण तर उजव्या हातानं दाबायचं असतं, मग एवढं काय बिघडलं? लोकांना काय ठाऊक. कॅमेऱ्याचं भिंग खालून तोलून धरतो तो डावा हात. तो हलला की सगळं हललं.

हे त्याला स्वतःलाही कळलं ते कळंबच्या एका लग्नात. आजारपणानंतरची ती पहिलीच ऑर्डर, घाईनं घेतलेली. खुर्चीवर चढणं जमलं नाही, हात वर जाणं तर दूरच. हार घालतानाचा फोटो कसाबसा काढला आणि मागच्या काचेवर पाहिला, तर नवरीच्या हाताच्या जागी नुसता धूर. त्या घरच्यांनी चकार शब्द काढला नाही. उलट नवरीची आजी म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, तुमी जगलाव हेच लई झालं," आणि त्याला पाटावर बसवून जेवायला वाढलं. ते जेवण त्याच्या घशाखाली उतरलं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्टुडिओचं शटर ओढलं आणि चावी नीलम्माच्या हातात दिली.

त्याचं शेत तेरणेच्या काठाला. एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला रेल्वेचा भराव. कुर्डुवाडीहून लातूरकडं जाणारे रूळ इथं बराच वेळ नदीचं बोट धरून चालतात, मग वळण घेऊन पुलावरून पलीकडं जातात. पुढं वळण आणि पूल, म्हणून मालगाडी इथं सावकाश येते. शंभुलिंग आता दिवसभर बांधावर बसून असायचा. घरी बसलं की येणारा-जाणारा तब्येत विचारायचा, त्यापेक्षा हे बरं. एकदा काय मनात आलं आणि त्यानं कॅमेरा काढून समोरून जाणाऱ्या डब्याचा फोटो घेतला. हलला. पण तो चुकचुकेपर्यंत मागून दुसरा डबा आला, हुबेहूब तसाच. त्याचा घेतला, तोही हलला. मागं तिसरा उभाच. अख्खी गाडी संपेपर्यंत तो खटाखट फोटो काढत राहिला, आणि शेवटी शेवटी एका डब्यावरचे आकडे वाचता आले.

त्या दिवशी तो घरी जेवला तो चवीनं. लग्नात हार एकदाच पडतो, अक्षता एकदाच पडतात, आणि चुकलं की चुकलं. मालगाडी मात्र माफ करते. पन्नास-पंचावन्न डबे, एकासारखा एक, आणि प्रत्येक डबा म्हणतो, राहू दे, पुन्हा काढ. एवढं दिलदार गिऱ्हाईक त्याला सगळ्या धंद्यात भेटलं नव्हतं.

मग रोजचं सुरू झालं. बाभळीचं एक बेचकं तोडून त्यानं बांधावर रोवलं, त्यावर कॅमेरा टेकवायचा. कोळशाची ती म्हैसगाडी, गोल टाक्यांची ती घागरगाडी, बंद डब्यांची ती कणगीगाडी, अशी त्यानं नावं पाडली. म्हैसगाडी सकाळच्या उन्हात बरी दिसते आणि घागरगाडी उतरत्या उन्हात, हे तो नीलम्माला जेवताना सांगायचा. ती मुरूमकडची, घरात कानडी बोलणारी. फार झालं की ती "साकु" म्हणायची, म्हणजे पुरे, आणि भाकरी वाढायची.

एकच गोष्ट त्याला जमत नव्हती. गाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असतो आणि वळणावर गार्ड दारात येऊन गाडी न्याहाळत उभा राहतो. हा डबा एकच असतो, त्यातला माणूसही एकच. बाकीचे डबे माफ करायचे, हा करत नव्हता. हा डबा जवळ आला की शंभुलिंगच्या डाव्या हातात कापरं भरायचं आणि गार्डाचा धूर व्हायचा. बेचक्यावर कॅमेरा असतानाही व्हायचा. दुखणं हातात किती आणि मनात किती, हे त्याचं त्याला उमगत नव्हतं.

दिवाळीनंतर मुलीची, हर्षालीची सुपारी फुटली. मुलगा कळंबचा, मोंढ्यात धान्याची आडत असलेल्या घरचा. लग्न वैशाखात ठरलं. मुलाकडच्यांनी लातूरचा फोटोग्राफर सांगितलाय, ड्रोन आणणार आहेत, अशी बोलणी चालली होती, आणि मध्येच हर्षाली बोलली. नवरी मुलगी बैठकीत बोलत नाही, पण ही नीलम्माची लेक.

"बाकीचे फोटो कुणीबी काढा. तांदूळ पडतानाचा फोटो माझे पप्पा काढणार. त्येंनी न्हाई काढला तर त्यो फोटोच नको मला."

मुलाचे वडील समंजस, ते म्हणाले, "बरं की." शंभुलिंगनं मात्र डावा हात उपरण्याखाली घातला.

पाहुणे गेल्यावर तो नीलम्माला म्हणाला, "तिला समजाव. माझ्यानं व्हायचं न्हाई. पोरीच्या आयुष्यातला एक क्षण, त्यो मी बिघडवू?"

"तुमीच सांगा तिला," नीलम्मा म्हणाली. "म्या न्हाई सांगणार."

सांगायचा धीर त्याला झाला नाही. पौष जवळ आला तसा तो जास्तच बांधावर बसू लागला.

आणि मग येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस आणि शिवार भरलेलं असतं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा झाली की शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं आंबिल. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही उपाशी जाऊ द्यायचं नाही, ओळखीचा असो की अनोळखी, हाक मारून पंगतीला बसवायचं. शंभुलिंगच्या शेतातही भाऊबंद, सोयरे, पोरंबाळं जमली होती. तो मात्र आंबिलाचा गडू बाजूला ठेवून बेचक्यापाशी उभा होता.

म्हैसगाडी आली. डबे गेले. गार्डाचा डबा वळणावर दिसला. दारात पांढऱ्या कपड्यातला गार्ड, हातात गुंडाळलेला हिरवा झेंडा. आज ऊन नेमकं त्याच्या तोंडावर पडलं होतं, असं ऊन पुन्हा मिळणार नव्हतं. आणि नेमका तो गार्ड झेंडा या हातातून त्या हातात घेत चुळबुळ करत होता. शंभुलिंगला सहन झालं नाही. इतक्या वर्षांची सवय अंगातून वर उसळली. कॅमेरा गळ्यात सोडला, दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच केले आणि तो ओरडला, "थांबाऽऽ, हलू नका."

गार्ड दारातून हलला नाही, नुसता त्याचा एक हात आत गेला. डब्यातून फुस्स आवाज आला, रूळ किंचाळले, डब्यावर डबा आदळत सगळी गाडी कण्हली आणि उभी राहिली. इंजिन पार पुलाच्या तोंडाशी. शिवारातली माणसं हातातले उंडे तसेच घेऊन पळत आली.

गार्ड खाली उतरला. चांगला आडव्या हाडाचा, पिकल्या मिशांचा माणूस. तो वाकून चाकांखाली बघत बघतच आला. "कुटंय? काय दिसलं तुमाला? काय लोंबत व्हतं का? धूर निघत व्हता?"

"न्हाई साहेब," शंभुलिंग म्हणाला. "फोटो."

"फोटो?"

"तुमी हलायलाव, म्हणून म्हणलं थांबा. तुमाला म्हणलं. गाडीला न्हाई म्हणलं."

गार्डानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा बेचक्याकडं. कमरेचा वॉकीटॉकी खरखरत होता, पुढून ड्रायव्हर काय झालं म्हणून विचारत होता. "अवो, दोन्ही हात डोक्यावर म्हंजी रेल्वेत लाल झेंडा असतोय. जवळ झेंडा नसंल तर ह्योच झेंडा. ते दिसलं की आमी इचारत न्हाई, ब्रेकच दाबतो. केस व्हईल तुमच्यावर, कळलं का?"

शंभुलिंगचा चेहरा उतरला. तेवढ्यात नीलम्मा माणसांतून वाट काढत आली, एका हातात आंबिलाचा तांब्या, दुसऱ्या हातात गच्च भरलेला भज्जीचा डबा. "येळवस हाय," ती म्हणाली. "आदी खावा, मंग केस करा."

आता यावर कुठला माणूस रागावून राहील? गार्ड हसला. त्याचं नाव बलभीमराव, गाव सोनारी. त्यानं पुन्हा एकदा जवळची चाकं तपासली, पुढं ड्रायव्हरला कळवलं की बाजूच्या माणसानं धोक्याची खूण केली, पाहिलं, काही नाही. त्यात खोटं काही नव्हतं. उभ्या उभ्या त्यानं तांब्याभर आंबिल प्यायलं. "वेळ असता तर आडवा हात मारला असता बघा तुमच्या भज्जीवर," तो म्हणाला आणि डबा बगलेत मारला. मग त्याची नजर शंभुलिंगच्या थरथरत्या हातावर गेली. "ह्याला काय झालं?"

शंभुलिंगनं सांगितलं. का कुणास ठाऊक, त्या अनोळखी माणसाला त्यानं सगळंच सांगितलं. कळंबचं लग्न, हर्षाली, तांदळाचा फोटो, सगळं.

बलभीमरावांनी ऐकून घेतलं. "ऐका," ते म्हणाले. "परत हात वर करू न्हाई. गाडी येताना बघायची. सगळं बरं दिसलं की हात असा आडवा धरायचा. सरळ. हलवायचा न्हाई. हलला की आमाला शंका येती. आडवा आन् थिर हात म्हंजी सगळं बरोबर, जाऊ द्या. आमी झेंडा दावू तुमाला."

"डावा धरला तर?"

"कुठला बी धरा. गाडीला काय कळतंय."

ते डब्यात चढले आणि गाडी हलली. भाऊबंदांना तर आता उधाण आलं होतं. "शंभुलिंगनं शंभुलिंग केला आन् रेल्वे थांबली," म्हणून कोपीपर्यंत हसत गेले. शंभुलिंग ओशाळून जागेवरच उभा होता. नीलम्मा गेली नव्हती. तिचा आवाज भलताच हळू झाला होता.

"अवो," ती म्हणाली, "डावा बी वर गेला व्हता."

"काय?"

"तुमचा डावा हात. डोस्क्याच्या वर. उजव्याच्या जोडीनं."

त्यानं तिथंच हात वर करून पाहिला. खांद्याशी अडला. पुन्हा केला, पुन्हा अडला. पण गेला होता, त्याला आता आठवलं, कानाला दंड घासल्याचं आठवलं. जो हात गेलाय असं तो सगळ्यांना सांगत होता, तो मेलेला नव्हता, त्याला बोलावणारं कुणी नव्हतं एवढंच. शंभुलिंग बांधावर बसला आणि पोरासारखा रडला. नीलम्मानं शेजारी बसून त्याला उंडा खायला लावला.

धाराशिवच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पहिल्यापासून सांगितलं होतं की रोज हात आडवा धरून ठेवा. घरी भिंतीकडं तोंड करून तो धरायचा आणि कंटाळून सोडायचा. भिंतीला कुठं जायचं असतं? आता मात्र समोर गाडी होती, आणि गाडीत एक माणूस त्याच्या हाताकडं बघत होता. पहिल्या दिवशी पाचसात डबे गेले आणि हात पडला. संक्रांतीपर्यंत निम्मी गाडी जाऊ लागली. ज्वारी काढणीला आली तेव्हा इंजिनापासून गार्डापर्यंत हात टिकला, आणि गार्डानं हिरवा झेंडा बाहेर काढून दाखवला. गार्डागार्डांत त्याची गोष्ट फिरली असावी. ओळख ना पाळख, पण माणसं दारात येऊन उभी राहू लागली, ड्रायव्हर लांबूनच भोंगा द्यायचे. बलभीमरावांनी एके दिवशी चालत्या गाडीतून नीलम्माचा डबा बांधावर टाकला. पोचा पडला, पण रिकामा नव्हता. आत सोनारीच्या भैरवनाथाचा अंगारा आणि खोबऱ्याची वाटी होती.

त्याच गाडीला शंभुलिंगनं कॅमेरा बेचक्यावर न टेकवता दोन्ही हातांनी उचलला. फोटो घरी हर्षालीला दाखवला. बलभीमरावांच्या मिशांचा केस न् केस दिसत होता आणि सदऱ्याचं तुटलेलं बटणही.

"पप्पा, कोण ह्ये?"

"माझा मास्तर," तो म्हणाला.

तरी लग्नात त्यानं बेचकं नेलंच. भीती अशी एकदम जात नाही. नीलम्मानं त्याला सोनेरी कागद गुंडाळून दिला, म्हणजे मांडवात शोभेल. वैशाखाचं ऊन, गच्च भरलेला मांडव, वर ड्रोन भिरभिरत होतं, बायकांच्या मुठीत हळदीनं पिवळी केलेली ज्वारी, आमच्याकडं अक्षतांच्या ज्वारीलाही तांदूळच म्हणतात. मंगलाष्टकं शेवटाला आली आणि नवरदेवाचे मित्र मोबाइल घेऊन असे पुढं घुसले की सोनेरी बेचकं कुणाच्या तरी पायाखाली मोडलं. कडकन आवाज झाला. अंतरपाटापलीकडून हर्षालीनं बापाकडं पाहिलं.

शंभुलिंगला विचार करायला वेळच नव्हता. त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याला उठवलं, त्याची खुर्ची ओढली आणि वर चढला. कॅमेरा गळ्यात. दोन्ही हात डोक्यावर. डावा बोटभर खाली राहिला असेल, पण वर होता.

"थांबाऽऽ, हलू नका."

मांडव गार पडला. मित्रांचे मोबाइल खाली आले. भटजींनी शेवटचं अक्षर तोंडात धरलं आणि ज्यांच्या ज्यांच्या लग्नात ही आरोळी झाली होती त्या सगळ्या जुन्या जोडप्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. हात खाली आले, कॅमेरा डोळ्याला लागला. सावधान. खट्.

त्या फोटोत ज्वारीचा दाणा न् दाणा हवेत सुटा दिसतो. हर्षाली हसते आहे आणि रडतेही आहे, आणि ती नवऱ्याकडं बघत नाहीये. नवऱ्यानं पुढं तो फोटो आडतीवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हे आवर्जून सांगतो.

निरोपाच्या वेळी नवरीची गाडी रेल्वे फाटकापाशी अडली. फाटक बंद होतं, मालगाडी यायची होती. सगळी बायकामंडळी गाडीमागं चालत आलेली, डोळे पुसत होती. शंभुलिंगनं अशा किती पोरींचे निरोप टिपले होते. कॅमेरा डोळ्याला लावला की रडू येत नाही, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. घागरगाडी धडधडत आली. सवयीनं त्यानं डावा हात आडवा धरला. गार्ड बलभीमराव नव्हते, दुसराच कुणी तरुण होता, पण त्यानं झेंडा दाखवला.

फाटक वर गेलं. नवरीची गाडी रुळांवरून पलीकडं उतरली आणि तिच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. हिरव्या चुड्यानं कोपरापर्यंत भरलेला. तो निरोपाला हलला नाही. आडवा राहिला, सरळ आणि थिर.

ऊन मऊ होतं, अंतर बेताचं होतं, गळ्यात कॅमेरा होता आणि हातात कापरं नव्हतं. लातूरचा फोटोग्राफर ड्रोन पेटीत घालता घालता ओरडला, "काका, फोटो घ्या की, लई भारी फ्रेम हाय."

शंभुलिंगचा डावा हात आडवा होता आणि उजवा डोळे पुसत होता. कळंबच्या वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

"हात मोकळा न्हाई, बाबा," तो म्हणाला.